सामाईक यंत्रांचे क्लीनिंग व्हॅलिडेशन: मुंबईतील टॅब्लेट विभागासाठी

एकाच ब्लेंडरमध्ये आज एक आणि उद्या दुसरे औषध तयार होत असेल, तर पहिल्याचा किती अंश दुसऱ्यात गेला तरी रुग्णाला अपाय होणार नाही, हे आकड्यात ठरवल्याशिवाय क्लीनिंग व्हॅलिडेशनचा, म्हणजे यंत्राची धुलाई पुरेशी होते हे पुराव्याने सिद्ध करण्याचा, प्रोटोकॉल (चाचणीची लेखी योजना) लिहायला बसू नये. 28 डिसेंबर 2023 च्या अधिसूचनेने सुधारलेल्या शेड्यूल एममध्ये (औषधनिर्मितीच्या नियमांच्या परिशिष्टात) क्वालिफिकेशन (यंत्रणा कामास योग्य असल्याची खात्री) व व्हॅलिडेशनचा स्वतंत्र विभागच आहे. त्यामुळे ‘डोळ्यांना स्वच्छ दिसते’ ही अट आवश्यक असली, तरी तेवढ्यावर भागत नाही.

समजा, टॉक्सिकॉलॉजिस्टने (विषशास्त्रज्ञाने) पहिल्या औषधाची सुरक्षित दैनिक मर्यादा 2 मायक्रोग्रॅम दिली आहे आणि पुढील उत्पादनाची 500 मिलिग्रॅम वजनाची एकच गोळी रोज घ्यायची आहे. 100 किलोच्या बॅचमध्ये अशा 2 लाख गोळ्या होतात, म्हणजे अवशेष 4 लाख मायक्रोग्रॅमपर्यंत चालेल. सामाईक पृष्ठभाग 2 लाख चौरस सेंटिमीटर असल्यास 5 बाय 5 सेंटिमीटरच्या स्वॅबला (पृष्ठभाग पुसून घेतलेल्या नमुन्याला) 50 मायक्रोग्रॅम येतात. रिकव्हरी (पृष्ठभागावरच्या अवशेषापैकी स्वॅबमधून प्रत्यक्ष मोजता येणारा हिस्सा) 80 टक्के असेल, तर प्रयोगशाळेत 40 च्या वरचा आकडा नापास समजावा.

स्वॅब डिस्चार्ज व्हॉल्व्हच्या गास्केटखालून (सांधा बंद करणाऱ्या रबरी कड्याखालून) आणि पात्यांच्या बुडाशी घ्यावा. सपाट भिंतीवरचा स्वॅब अहवाल देखणा करतो, एवढेच. एफबीडीची (गरम हवेने दाणे वाळवणाऱ्या ड्रायरची) फिल्टर बॅग मात्र प्रत्येक उत्पादनाला वेगळीच ठेवावी; ती धुऊन सिद्ध करण्याच्या भानगडीत पडू नये.

धुलाईच्या सलग तीन यशस्वी फेऱ्या घेण्याचा प्रघात आहे, पण तिन्ही जानेवारीत उरकल्या तर मुंबईच्या जून ते सप्टेंबरमधील दमट हवेबद्दल त्या फारसे सांगत नाहीत. वॉशिंग एरियातून पुरते न वाळलेले भांडे बाहेर आले, की झाकणाच्या कडेला राहिलेल्या पाण्यात जंतू वाढतात. म्हणून क्लीन होल्ड टाइम (धुतलेले यंत्र किती काळ स्वच्छ राहते ती मुदत) पावसाळ्यात, सूक्ष्मजैविक नमुन्यांसह पुन्हा तपासावा. डर्टी होल्ड टाइमही (वापरलेले यंत्र न धुता किती काळ ठेवता येते ती मुदत) तेव्हाच पाहावा, कारण ओल धरणारी पावडर चिकटून बसते.

धुलाई संपल्याची वेळ लॉगबुकात त्याच क्षणी लिहावी. वांद्रे-कुर्ला संकुलात मुख्यालय असलेल्या राज्याच्या एफडीएचे (अन्न व औषध प्रशासनाचे) निरीक्षक येण्याआधी क्यूएनेच (गुणवत्ता हमी विभागानेच) ही वेळ बॅच रेकॉर्डशी ताडून पाहावी.

नवे उत्पादन त्याच यंत्रावर आणायचे झाल्यास ट्रायल बॅचपूर्वीच चेंज कंट्रोल (बदलाची औपचारिक नोंद व मंजुरी) उघडून मर्यादा पुन्हा काढावी, आणि ती सध्याच्या एचपीएलसी (द्रावणातील घटक वेगळे करून मोजणाऱ्या) पद्धतीने मोजता येण्याइतकीही राहत नसेल, तर अधिक संवेदनशील पद्धत विकसित करावी किंवा त्या उत्पादनाला स्वतंत्र यंत्र द्यावे.