विणकाम-शिवणाचे पॅटर्न विकायला काढताय? या चुका टाळा

मी विकलेला पहिला पॅटर्न दोन वर्षांच्या मुलाच्या स्वेटरचा होता. महिन्याभराने बडोद्याहून एका मावशींचा फोन आला. "अगं, स्वेटर देखणा झालाय, पण नातवाचं डोकंच आत जात नाही!" मी कपाटातून माझा नमुना काढला आणि गळा ताणून पाहिला. माझा गळा सहज ताणला जात होता. मग त्यांचा का नाही? बराच वेळ विचार केल्यावर उलगडा झाला. गळ्याचे टाके बंद करताना मी विणायच्या सुईपेक्षा दोन नंबरांनी जाड सुई घेते. आजीने लहानपणी लावलेली सवय, हात आपोआप त्या सुईकडे जातो. पॅटर्नमध्ये मात्र मी एवढंच लिहिलं होतं, 'टाके बंद करा.' मावशींनी ते बारीक सुईनेच, घट्ट बंद केले होते. दोन वर्षांच्या मुलाच्या डोक्याचा घेर साधारण ४८ सेंमी असतो, तो त्या गळ्यातून जाणार कसा?

गेल्या काही वर्षांत माझ्या आणि मैत्रिणींच्या पॅटर्नमध्ये सापडलेल्या बहुतेक चुका याच जातीच्या आहेत. कपडा उत्तम होतो, कारण आपले हात चुका सांभाळून घेतात. कागदावर ते सांभाळणं उतरत नाही.

टाक्यांचं माप अंदाजाने देणं

सगळ्यात जास्त तक्रारी इथूनच येतात. '१० सेंमीत २२ टाके' असं आपण लिहितो, पण ते मोजतो कुठे? अर्धवट विणलेल्या पाठीवर, सुईवरच, न धुता. असं करू नका. निदान १५ सेंमीचा चौकोन विणा, स्वेटर जसा धुणार तसाच धुवा, सपाट वाळवा आणि मधल्या १० सेंमीत टाके मोजा, ओळीही मोजा. कडेचे टाके नेहमी ओढलेले असतात, म्हणून मधलेच घ्यायचे.

फरक किती पडतो ते बघा. ९२ सेंमी छातीसाठी २२ च्या हिशेबाने २०२ टाके लागतात. विणणारीचा हात सैल असेल आणि तिचे १० सेंमीत २० च टाके बसत असतील, तर तोच स्वेटर १०१ सेंमीचा होतो. नऊ सेंमी जास्त! त्यामुळे 'माप जुळत नसेल तर सुई बदला' हे वाक्य पॅटर्नच्या पहिल्या पानावर ठळक हवं. टाके जास्त बसत असतील तर जाड सुई, कमी बसत असतील तर बारीक, हेही लिहा. नवी मुलगी नेमकी इथेच गोंधळते.

मी राहते त्या ग्वाल्हेरच्या हवेचाही यात हात आहे. नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, विणलेला माझा तुकडा आणि पौषात विणलेला तुकडा सारखा येत नाही. उन्हाळ्यात बोटं घामेजतात, लोकर सुईला चिकटते आणि टाका घट्ट बसतो. मेमध्ये घेतलेलं माप मी आता थंडी पडल्यावर पुन्हा तपासते.

सुईचा नुसता नंबर लिहिणं

आपल्याकडे नंबर वाढला की सुई बारीक होते. ८ नंबरची सुई ४ मिमीची, १० नंबरची ३.२५ मिमीची. अमेरिकेत उलटं. तिथली ८ नंबरची सुई ५ मिमीची आणि १० नंबरची तर ६ मिमीची. तुमचा पॅटर्न न्यू जर्सीत राहणाऱ्या एखाद्या भाचीने घेतला आणि तुम्ही नुसतं '१० नंबर' लिहिलं असेल, तर तिचा स्वेटर जाळीदार होईल. म्हणून मिमी लिहाच, नंबर त्याच्या शेजारी द्या.

लोकरीचं तसंच. 'फोर प्लाय' म्हटल्याने धाग्यात चार पदर आहेत एवढंच कळतं, जाडी कळत नाही. १०० ग्रॅममध्ये किती मीटर धागा आहे ते लिहा, म्हणजे आमच्या महाराज बाड्यावरच्या बाजारातल्या दुकानात तुमची लोकर संपली असली तरी ग्राहक दुसरी बरोबर निवडेल. क्रोशाचे पॅटर्न इंग्रजीतून लिहीत असाल तर आणखी एक सांभाळा. ब्रिटिश पद्धतीतलं 'डबल क्रोशे' म्हणजेच अमेरिकन पद्धतीतलं 'सिंगल क्रोशे'. कोणती पद्धत वापरली ते वरच सांगा.

घरातले शब्द तसेच ठेवणं

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या आमच्या घरात टाक्याला 'फंदा' म्हणतात आणि 'सलाई' म्हणजे सुईही आणि विणलेली ओळही. '१० सलाया विणा' हे आम्हाला कळतं. पुण्याच्या एका ताईंनी मात्र विचारलं, "दहा सुया एकदम लागतात का हो?" त्या थट्टा करत नव्हत्या, खरंच अडल्या होत्या. तेव्हापासून मी पॅटर्नच्या सुरुवातीला शब्दांची यादी देते: टाका, ओळ, सुलट, उलट, जोडटाका. एका गोष्टीला शेवटपर्यंत एकच शब्द. घरातली भाषा मला जिवापाड आवडते, पण पैसे देऊन घेणारीला अडखळायला लावणं बरोबर नाही.

एक माप झेरॉक्सवर मोठं करणं

शिवणात ही चूक सर्रास होते. ३६ छातीचा कुर्ता ४० चा करायचा म्हणून अख्खा कागद १११ टक्के मोठा करतात. मग १४ इंचाचा खांदा साडेपंधरा होतो आणि १८ इंचाची बाही २० ची. बाई छातीत भरली म्हणून तिचे हात लांब होत नाहीत! छाती दोन इंचांनी वाढवायची तर एका चतुर्थांश भागात अर्धा इंच येतो आणि तो मुख्यतः कडेच्या शिवणीकडे द्यायचा. खांदा, गळा आणि लांबी अगदी थोडीच वाढवायची. मुंढा, म्हणजे बाही जोडायची खाच, बदलला की बाहीची वरची गोलाईही बदलावीच लागते. प्रत्येक मापासाठी टेप उभी धरून मुंढ्याच्या रेषेवरून आणि बाहीच्या गोलाईवरून फिरवा. गोलाई मुंढ्यापेक्षा किंचित जास्त हवी. खूप जास्त झाली तर चुण्या पडतात, कमी झाली तर काखेत ओढ बसते. हे मोजायला पंधरा मिनिटं लागतात, आणि तेवढ्याने ग्राहकाचं तीन मीटर कापड वाचतं.

अंगाचं माप आणि तयार कपड्याचं माप, दोन्ही तक्त्यात वेगवेगळ्या रकान्यांत द्या. एकच आकडा दिला तर निम्म्या बायका त्यात सैलपणा पुन्हा मिळवतात.

छपाई तपासून न पाहणं

फाइल छापताना 'फिट टू पेज' चालू राहिलं आणि चित्र ९६ टक्क्यांवर आलं, तर ३६ इंच ३४.५ होतात. पहिल्या पानावर ५ सेंमीचा चौकोन काढा आणि 'हा मोजल्याशिवाय कात्री लावू नका' असं लिहा. अमेरिकन लेटर कागद आपल्या ए-४ पेक्षा १८ मिमी आखूड असतो. परदेशात विकत असाल तर खालची रेघ कापली जाणार नाही एवढी जागा सोडा.

माया किती ते न सांगणं

माया, म्हणजे शिवणीसाठी कडेला सोडलेलं जादा कापड, धरली आहे की नाही, आणि धरली असेल तर किती, हे प्रत्येक तुकड्यावर छापा. नुसतं सूचनांच्या पानावर पुरत नाही, ते पान हरवतं. कापड बदललं की मायाही बदलते. मी एका कुर्त्याचा नमुना पॉपलिनवर केला होता, माया अर्धा इंच. एकीने तो चंदेरीत शिवला. ताण्यात रेशीम आणि बाण्यात सूत असलेलं ते विरळ, पातळ कापड, ताण पडला की शिवणीपाशी धागे सरकतात. मुंढ्यापाशी तिची शिवण पहिल्यांदा घातल्यावरच फाकली. चंदेरीसाठी माया पाऊण इंच हवी, कच्च्या कडा आत झाकणारी फ्रेंच शिवण हवी, नाहीतर अस्तर हवंच, आणि फिटिंग जरा सैल. पॅटर्न कोणत्या कापडासाठी आहे हे लिहितो, तसंच कोणत्या कापडात करू नये हेही लिहावं. पहिला नमुना मांजरपाटावर करा. ते स्वस्त असतं आणि झोल लगेच दाखवतं.

दुसऱ्या हाताने करून न घेणं

निदान तीन जणी शोधा, त्यातली एक नवशिकी असू द्या. त्या विणत-शिवत असताना शेजारी बसून सांगू नका. जिथे त्या थांबतात तिथे कागदावर खूण करा. एवढीच शिस्त पाळायची, आणि मला तीच सगळ्यात कठीण जाते, कारण सांगायचा मोह आवरत नाही. वेळेचाही हिशेब ठेवा. ग्वाल्हेरचे महाराज माधवराव शिंदे यांनी १९०५ साली सुरू केलेला आमचा व्यापार मेळा ऐन थंडीत भरतो, पण लोकर घेणारी बाई नवरात्रातच पॅटर्न ठरवून बसते. घरचं सांभाळून एका स्वेटरला तीन-चार आठवडे जातात, म्हणजे तपासणारीच्या हातात पॅटर्न श्रावणात पडायला हवा.

हक्कांबद्दल थोडंच सांगते. टाका कुणाच्या मालकीचा नाही, पण तुम्ही लिहिलेला मजकूर, काढलेल्या आकृत्या आणि फोटो यांवर १९५७ च्या कॉपीराइट कायद्याने तुमचा हक्क असतो, त्यासाठी नोंदणीची सक्ती नाही. दुसरीच्या आकृत्यांनाही हाच नियम लागतो. त्या उचलून आपल्या पॅटर्नमध्ये घालू नका.

आणि चूक सापडली तर लपवू नका. प्रत्येक पानाच्या तळाशी आवृत्तीचा क्रमांक आणि तारीख ठेवा, सुधारलेली फाइल आधीच्या सगळ्या ग्राहकांना स्वतःहून पाठवा. मावशींना मी त्याच रात्री नवं पान पाठवलं होतं. त्यांनी फक्त शेवटची ओळ उसवली. त्या पानावर आता असं लिहिलेलं आहे: '१० नंबरची, म्हणजे ३.२५ मिमीची सुई घ्या आणि टाके सैल बंद करा. धागा तोडण्याआधी गळा दोन्ही हातांनी ताणून टेपवर धरा. पूर्ण घेर ५० सेंमी भरला पाहिजे. नाही भरला तर ही ओळ उसवून पुन्हा बंद करा.'