मानसशास्त्राचा संशोधन अहवाल: बाइंडिंगला टाकण्याआधी या चुका टाळा

प्रकल्प जमा करायची तारीख जवळ आली की सांगलीतल्या झेरॉक्सच्या दुकानांत काळ्या रेक्झिनचे, सोनेरी अक्षरांचे गठ्ठे रचलेले दिसतात. त्यातली पहिली चूक बहुतेकदा कव्हरवरच छापलेली असते: 'सांगली जिल्ह्यातील महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या ताणाचा अभ्यास'. आत पाहावं तर विश्रामबागेतल्या दोन वर्गांतली 60 मुलं. जिल्ह्यात तालुके 10 आहेत. जत-आटपाडीच्या दुष्काळी पट्ट्यातून एसटीनं येणारा मुलगा वेगळा आणि 2019 च्या पुरात घरात पाणी शिरलेला कृष्णाकाठचा मुलगा वेगळा. त्यांना विचारलं नसेल तर जिल्ह्याचं नाव घेऊ नका. 'सांगली शहरातील एका महाविद्यालयाचे' एवढंच लिहा. शीर्षक लहान झालं म्हणून गुण कापले जात नाहीत.

याच चुकीची सख्खी बहीण म्हणजे 'यादृच्छिक नमुना निवड'. गुगल फॉर्मची लिंक वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायची आणि ज्यांनी भरला त्यांना यादृच्छिक म्हणायचं, हे चालत नाही. यादृच्छिकसाठी आधी पूर्ण यादी हवी. हजेरीपटावरच्या प्रत्येक नावाला निवडलं जाण्याची सारखी संधी हवी, मग चिठ्ठ्या टाका नाहीतर एक्सेलमधून आकडे काढा. तुम्ही केलंत ते सोयीचा नमुना घेणं. तसं लिहायला लाज कसली? त्याखाली हिशेबही द्या: फॉर्म किती वाटले, किती परत आले, किती अर्धवट म्हणून बाजूला ठेवले. 'पद्धती' हे प्रकरण फॉर्म गोळा केले त्याच दिवशी संध्याकाळी लिहावं. महिन्यानं आठवून लिहिलं की सगळेच नमुने यादृच्छिक होतात.

आता ज्या चुकीनं अख्खा अहवाल पाण्यात जातो ती. वसतिगृहात राहणाऱ्या आणि घरून ये-जा करणाऱ्या मुलींच्या ताणाची तुलना, असा एक प्रकल्प. मापनी पीएसएस-10, म्हणजे कोहेन आणि सहकाऱ्यांच्या जाणवलेल्या ताणाच्या मापनीची दहा विधानांची आवृत्ती. फरक सार्थक, म्हणजे निव्वळ योगायोगाचा नाही असं म्हणण्याइतका, आला नाही. मग चर्चेची दोन पानं, त्यात वसतिगृहातल्या मैत्रीचं कौतुक आणि पालकांना धीर. तोंडी परीक्षेत एकच प्रश्न आला, 'चौथ्या विधानाचे गुण कसे दिले?' आणि सगळं कोसळलं. या मापनीत 4, 5, 7 आणि 8 ही विधानं सकारात्मक आहेत, त्यांचे गुण उलटे करावे लागतात. ते केलेच नव्हते.

यानं काय होतं ते दोन टोकं घेऊन पाहा. प्रत्येक विधानाला 0 ते 4 गुण. ताणानं पिचलेली मुलगी सहा विधानांना 4 आणि त्या चार विधानांना 0 देते. तिचे खरे गुण 40, न उलटवता 24. अगदी निवांत मुलगी सहा विधानांना 0 आणि चारांना 4 देते. तिचे खरे गुण 0, न उलटवता 16. म्हणजे 40 गुणांचं अंतर 8 वर आलं. मग फरक दिसणार कुठून?

एक्सेलमध्ये मूळ रकान्याला हात लावू नका. शेजारी नवा रकाना घ्या, नाव 'प्र4_उलट', सूत्र 4 वजा मूळ गुण. मापनी 1 ते 5 ची असेल तर 6 वजा मूळ गुण. मूळ रकान्यातच उलटवलं की दुसऱ्या दिवशी केलं की नाही ते आठवत नाही, पुन्हा उलटवलं जातं आणि आकडे होते तिथेच येतात. मग क्रॉनबॅक अल्फा, म्हणजे मापनीतली विधानं एकमेकांशी किती जुळतात ते सांगणारा आकडा, काढा. तो फारच खाली किंवा उणे आला, किंवा एखाद्या विधानाचा बाकीच्या बेरजेशी सहसंबंध उणे दिसला, म्हणजे एक वाढताना दुसरं घटताना दिसलं, तर आधी उलटवणं तपासा. मापनीला नावं नंतर ठेवा.

एसपीएसएस या सांख्यिकीच्या सॉफ्टवेअरच्या तक्त्यात .000 दिसतं म्हणून 'पी = 0.000' लिहू नका. पी म्हणजे खरा फरक नसतानाही एवढा फरक योगायोगानं दिसण्याची शक्यता. ती शून्य नसते, सॉफ्टवेअर तीनच दशांश दाखवतं. 'पी < .001' लिहा. बाकी ठिकाणी नेमका आकडा द्या, .032 असेल तर .032. दोन स्वतंत्र गटांच्या सरासऱ्यांची तुलना करणाऱ्या टी चाचणीत 30 आणि 30 जणांसाठी स्वाधीनता मात्रा (तक्त्यातला 'डीएफ', एकूण संख्या वजा 2) 58, 60 नव्हे. आणि मध्यमानाशेजारी (सरासरीशेजारी) प्रमाण विचलन, म्हणजे गुण सरासरीभोवती किती पसरलेत ते, नसेल तर त्या मध्यमानाला अर्थ नाही.

फरक सार्थक आला नाही तर 'शून्य गृहीतक (गटांत फरक नाही हे गृहीतक) फेटाळता आले नाही' एवढंच म्हणा. 'सिद्ध झाले' हा शब्द अहवालातून हद्दपार करा. निकाल पाहून गृहीतक बदलणाऱ्यांबद्दल काय बोलावं! तो शॉर्टकट नव्हे, लबाडी आहे.

सहसंबंध काढला असेल तर 'परिणाम' हा शब्द शीर्षकातही नको, कारण सहसंबंधावरून कशामुळे काय झालं ते कळत नाही.

आराखड्यातलं 'माहिती गोळा करण्यात येईल' तसंच चिकटवू नका. काम झालंय, भूतकाळात लिहा.

मापनीचं मराठी भाषांतर कुणी केलं, ते उलट इंग्रजीत करून मूळ विधानांशी ताडलं का, हे एका वाक्यात सांगा. 'ब्लूज'चं (म्हणजे उदासीचं) 'निळेपणा' झालेल्या प्रश्नावलीवर मुलं हसतात आणि वाट्टेल तिथे खूण करतात.

अकरावी-बारावीची मुलं बहुतेक 18 च्या आतली असतात. प्राचार्यांचं पत्र म्हणजे पालकांची संमती नव्हे. प्रश्न नैराश्याचे असतील तर फॉर्मच्या शेवटी टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक छापा.

सारांश 250 शब्दांच्या आत ठेवा आणि सर्वांत शेवटी लिहा. संदर्भसूचीसाठी पेन्सिल घेऊन बसा. मजकुरात आलेल्या प्रत्येक आडनावापुढे सूचीत टिक करा, मग सूचीतून उलट मजकुराकडे या. जे नाव फक्त एकीकडेच सापडेल ते दुसऱ्याच्या प्रबंधातून उचललेलं असण्याची शक्यता मोठी. तो लेख मिळवून वाचा, नाहीतर नाव खोडा.