भाडेकरारात पाण्याचंही लिहा

जुळे सोलापूर असो वा विजापूर रोड, घर ठरवताना भाडं-डिपॉझिटवर घासाघीस होते, पाण्याचं कुणी काढत नाही. भांडण मात्र उन्हाळ्यात तिथूनच पेटतं. नळाला काही दिवसांआड पाणी येणाऱ्या गावात टाकी किती लिटरची, बोअर कुणाकुणात, टँकरचे पैसे कोण देणार, हे करारातच लिहून घ्या. आणि नुसत्या नोटरीवर भागवू नका. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९च्या कलम ५५नुसार करार नोंदवायची जबाबदारी घरमालकाची. नोंदला नसेल तर वादात भाडेकरू सांगेल त्या अटी खऱ्या धरतात, मालक उलटं सिद्ध करेपर्यंत. (हे बऱ्याच मालकांना माहीतच नसतं.) चावी घेतानाच वीजमीटरच्या रीडिंगचा फोटो दोघांच्या व्हॉट्सॲपवर टाका.