फॉस्टरला कुत्रं आणलंय? या चुका टाळा

मागच्या पावसाळ्यात जिनिंगच्या गेटापाशी एक कुत्री चिखलात पडलेली दिसली. मागचा पाय गाडीनं चेंगरलेला, कानांत गोचीड तुरीच्या दाण्यांसारखे टम्म. पोरांनी नाव ठेवलं राणी. फॉस्टर म्हणजे कायमचं घर मिळेपर्यंत कुत्रं आपल्याकडं सांभाळणं. दत्तक जाईपर्यंत चार महिने ती आमच्या घरामागच्या सांदवाडीत होती. आमचं जे चुकलं ते बहुतेक पहिल्या आठवड्यात आणि शेवटच्या आठवड्यात. मधले दिवस निभतात.

पहिली चूक दुधाची. उपाशी जीव म्हणून सासूबाईंनी गंजभर दूध पुढं ठेवलं, आणि रात्रभर तिला ढाळ लागली. बऱ्याच मोठ्या कुत्र्यांना दूध पचत नाही. कुत्रं तरतरीत असेल, खात असेल, तर दूध बंद करून दोन दिवस मऊ भात आणि बिनमिठाचं, बिनकांद्याचं उकडलेलं चिकन थोडं थोडं द्या. पण उलट्या, विष्ठेत रक्त आणि कुत्रं मान टाकून पडलंय, असं दिसलं तर थांबू नका. त्यातून लस न झालेलं पिल्लू असेल तर पार्व्हो या जीवघेण्या साथीच्या रोगाची शंका घ्यायची आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. "कुत्र्याले कायचा दवाखाना वो?" असं शेजारी म्हणतीलच. म्हणू द्या.

पार्व्होचा विषाणू मातीत महिनोन्‌महिने टिकतो. फरशी आधी घासून धुवा, मग ३० भाग पाण्यात १ भाग लिक्विड ब्लीच घालून पुसा आणि दहा मिनिटं ओलं राहू द्या. सारवलेल्या अंगणात हे चालत नाही, कारण शेणामातीत ब्लीचचा जोर मरतो. म्हणून नवीन आलेलं कुत्रं फरशीच्या खोलीत ठेवा, आणि घरच्या पिल्लांपासून निदान १४ दिवस लांब.

गोचिडांवर हाताला येईल ते औषध

ही सगळ्यात महागात पडणारी चूक. ढोरांच्या गोचिडांची बाटली गावात घरोघरी असते, तीच अंदाजानं कुत्र्यावर ओततात. कुत्रं अंग चाटतं, म्हणजे विष सरळ पोटात. कोणी तर पराटीवर फवारायचं औषधच लावतं. तोंडातून लाळ, अंगाला थरथर, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक झाल्या तर हातमोजे घालून साबणाच्या पाण्यानं अंग धुवा आणि औषधाची बाटली सोबत घेऊनच डॉक्टरकडं जा. खरजेवर जळकं ऑइल चोपडणं हाही तसलाच प्रकार.

औषध वजनावर ठरतं. आम्ही राणीला कडेवर घेऊन कापसाच्या काट्यावर उभं राहिलो, मग एकट्याचं वजन वजा केलं. १४ किलो. कुत्र्यांसाठीची गोळी डॉक्टरांनी त्या हिशोबानं दिली. तरी पंधरा दिवसांत गोचीड परत दिसले, कारण तिचं अंथरूण होतं कुटाराचं. गोचीड अंगावरून उतरून भिंतीच्या भेगांत अंडी घालतात, हजारांनी. कुटार जाळलं, भेगा लिंपल्या, पोतं उकळत्या पाण्यात टाकलं, तेव्हा कुठं सुटका झाली.

गोचीड गेले म्हणजे काम संपलं असंही नाही. खाणं सुटलं, हिरड्या पांढुरक्या पडल्या, तर रक्त तपासून घ्या. गोचिडताप असू शकतो. नाक गरम लागलं म्हणजे ताप, ही समजूत सोडा. कुत्र्याचं नेहमीचंच तापमान १०१ ते १०२.५ असतं, थर्मामीटर गुदद्वारात लावून बघायचं. आणि घरातली तापाची किंवा अंगदुखीची गोळी मुळीच देऊ नका.

दुखणारा पाय धरला की गरीब कुत्रंही चावतं. चावलं तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं १५ मिनिटं धुवा. तिखट, चुना, हळद काही नको. त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. "परवाच तिला रेबीजची सुई दिली" यावर निश्चिंत राहू नका, लस लागू पडायला वेळ लागतो.

राणी आठ दिवस कोपरा सोडेना. आम्ही हाका मारून, ओढून पाहिलं, ती आणखीच आत. शेवटी मी भाकर कुस्करून ताटलीत ठेवली आणि पाठ करून बसले. मागं ताटली वाजली. पोळ्याच्या दिवशी मात्र ताशा ऐकून दोर तोडून पळाली. रात्री तुराट्यांच्या ढिगाखाली सापडली. सणाच्या दिवशी कुत्रं दार लावून आत ठेवा.

पहिल्या मागणाऱ्याला देणं

"वावरात जागलीले पाहिजे," म्हणून एक जण आला. माणूस वाईट नव्हता. पण रोही-डुकरांच्या राखणीला साखळीनं बांधलेलं, त्यात लंगडं कुत्रं, बिबट्या आला तर जाणार कुठं? कुंपणात करंट सोडतात का, उन्हाळ्यात पाणी कोण ठेवणार, हे विचारल्यावर त्यानंच विषय सोडला. घर स्वतः जाऊन पाहा. नसबंदी देण्याआधीच करा, "मग करू" म्हणणारे करत नाहीत. लंगडेपण लपवू नका, नाहीतर महिनाभरात कुत्रं परत दारात येतं. सोबत लसीचं कार्ड द्या आणि तिच्या वासाचं पोतंही.

राणी तालुक्याच्या एका शिक्षिकेकडं गेली. तिसऱ्या दिवशी त्यांचा फोन, "ताई, हे काही खातच नाही हो." मी म्हटलं, ताटली ठेवा आणि पाठ करून बसा. संध्याकाळी परत फोन आला. भाकर संपली होती.