ताटातला रंग कसा पारखावा: सोलापूरच्या ग्राहकासाठी

सोलापूरच्या माणसाला रंगाची पारख नव्याने शिकवावी लागत नाही. चादर किंवा टॉवेल घेताना ओल्या फडक्याने कोपरा घासून रंग पक्का आहे की कच्चा हे पाहण्याची सवय इथल्या घराघरांत आहे. तोच माणूस गड्ड्याच्या यात्रेत लेकराच्या हातात गुलाबी मिठाई देतो तेव्हा मात्र त्या रंगाबद्दल एक प्रश्नही विचारत नाही. अन्नातल्या रंगाबाबत तीन प्रश्न विचारायचे असतात आणि तेही क्रमाने: हा रंग खाण्यासाठी मान्य केलेल्या यादीत आहे का, असल्यास या विशिष्ट पदार्थात तो घालण्याची मुभा आहे का, आणि मुभा असल्यास तो किती घातला आहे. यांपैकी पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे ग्राहकाला बऱ्याच वेळा स्वतः काढता येतात, तिसऱ्याचे उत्तर मात्र प्रयोगशाळाच देऊ शकते.

यादी फार मोठी नाही. अन्न सुरक्षा व मानके अधिनियम 2006 मध्ये झाला, 5 ऑगस्ट 2011 पासून तो 1954 च्या जुन्या भेसळ प्रतिबंधक कायद्याच्या जागी लागू झाला, आणि त्याखालील 2011 च्या विनियमांत आठ कृत्रिम रंगांची नावे दिली आहेत. लाल रंगासाठी पॉन्सो 4आर, कार्मोसिन आणि एरिथ्रोसिन, पिवळ्यासाठी टार्ट्राझिन आणि सनसेट यलो, निळ्यासाठी इंडिगो कार्माइन आणि ब्रिलियंट ब्ल्यू, तर हिरव्यासाठी फास्ट ग्रीन. वेष्टनावर ही नावे नसली तर त्यांचे आयएनएस क्रमांक, म्हणजे अन्नात घालायच्या द्रव्यांचे आंतरराष्ट्रीय क्रमांक, असतात, ते याच क्रमाने 124, 122, 127, 102, 110, 132, 133 आणि 143 असे आहेत. हे आठ क्रमांक एका चिठ्ठीवर लिहून पाकिटात ठेवले तर किराणा दुकानात उभ्या उभ्या लेबल वाचता येते. ज्या वेष्टनबंद पदार्थात यांपैकी रंग आहे, त्यावर 'कंटेन्स परमिटेड सिंथेटिक फूड कलर' हे वाक्य छापणे बंधनकारक आहे. हे वाक्य दिसले म्हणजे पदार्थ वाईट, असे समजू नये. उलट रंग डोळ्यांना स्पष्ट दिसतो आहे आणि ते वाक्यही नाही, रंगाचा क्रमांकही नाही, अशा पाकिटावर अधिक संशय घ्यावा. हळदीचा 100, केशरी बियांचा अन्नाटो म्हणजे 160बी आणि कॅरेमलचा 150 हे क्रमांक या आठांत मोडत नाहीत, हेही ध्यानात असू द्यावे, नाहीतर प्रत्येक आकड्याला घाबरण्याची पाळी येते.

रंगाखेरीजच्या क्रमांकांबद्दल थोडक्यात सांगता येईल. 330 म्हणजे लिंबूसत्त्व, 500 म्हणजे आपला खायचा सोडा, 322 म्हणजे लेसिथिन, 211 म्हणजे लोणची आणि सरबते टिकवणारे सोडियम बेंझोएट. सल्फर डायऑक्साइड व त्याची संयुगे, म्हणजे 220 आणि पुढचे क्रमांक, ज्यांना दमा आहे त्यांनी विशेष पाहावेत. प्रति किलो 10 मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक प्रमाणात ती असतील, तर लेबलवर तसे सांगावे लागते. पावासाठी पूर्वी वापरले जाणारे पोटॅशियम ब्रोमेट भारतात 2016 मध्ये वर्ज्य झाले, त्यामुळे आज ते कोणत्याही पिठात वा पावात असता कामा नये.

आता दुसरा प्रश्न, आणि माझ्या मते सर्वांत जास्त फसगत इथेच होते. यादीतला रंग आहे म्हणून तो कशातही घालता येत नाही. मिठाई, बिस्किटे, केक, आइस्क्रीम, फळांची सरबते, जेली, बर्फाची कांडी अशा ठरावीक पदार्थांतच त्याला जागा आहे. मिरचीपूड, हळद आणि चहा यांत बाहेरून घातलेला कोणताही रंग चालत नाही, मग तो आठांपैकी असो वा नसो. म्हणून 'आम्ही खाण्याचाच रंग वापरतो' हे उत्तर जिलेबीवाल्याने दिले तर ऐकून घ्यावे, पण तिखटाच्या दुकानदाराने दिले तर तिथेच नियम मोडला, असे समजावे.

सोलापूरची शेंगा चटणी हे याचे चांगले उदाहरण आहे. शेंगदाणे, लसूण, तिखट, जिरे आणि मीठ कुटताना दाण्याचे तेल सुटते आणि ते लाल होते. हे पाहून काही जण रंग घातल्याचा आरोप करतात, तर काही जण 'तेल लाल म्हणजे अस्सल' असे सांगतात. दोन्ही निष्कर्ष चुकीचे आहेत. मिरचीतला नैसर्गिक लाल रंग मुळात तेलातच विरघळतो, आणि भेसळीसाठी वापरला जाणारा सुदान हा मेण, तेल आणि पॉलिशसाठीचा औद्योगिक रंगही तेलातच विरघळतो. त्यामुळे तेलाच्या लालीवरून काहीही सिद्ध होत नाही. घरोघरी केली जाणारी पाण्याची चाचणी अशी असते: काचेच्या पेल्यात स्वच्छ पाणी घेऊन वरून चिमूटभर मिरचीपूड भुरभुरावी आणि न ढवळता पाहावे. लाल रेषा तुटक धाग्यांसारख्या खाली उतरत असतील, तर पाण्यात विरघळणारा कृत्रिम रंग आहे. पण रेषा उतरल्या नाहीत म्हणून पूड निर्दोष ठरत नाही, कारण सुदान पाण्यात उतरतच नाही. याच सुदानपायी 2005 मध्ये ब्रिटनमध्ये मिरचीपूड मिसळलेले शेकडो खाद्यपदार्थ बाजारातून परत घ्यावे लागले होते. त्यावर घरगुती उपाय एकच, अख्खी बेडगी किंवा लवंगी मिरची आणून डोळ्यांदेखत गिरणीतून दळून घेणे, आणि चटणीही शक्य तर त्याच तिखटाची करणे.

हळदीची चाचणीही पाण्याचीच आहे. अर्धा चमचा हळद पेलाभर पाण्यात टाकून पंधरा-वीस मिनिटे हलवू नये. शुद्ध हळद तळाशी बसते आणि वरचे पाणी फिकट पिवळे राहते, भेसळ असेल तर पाणी गडद पिवळे होते. मेटॅनिल यलो हा कापड व कातड्यासाठीचा रंग आम्लात टाकताच गुलाबी-जांभळा होतो आणि पाणी घालून पातळ केल्यावरही तसाच राहतो, परंतु ही तीव्र आम्लाची चाचणी स्वयंपाकघरात, मुलाबाळांत, कधीही करू नये. इथे आणखी एक सूचना आवश्यक वाटते. पंढरपूर-तुळजापूरकडे जाणाऱ्यांच्या पिशवीत कुंकू, बुक्का, पूजेची हळद आणि चुरमुऱ्यांचा प्रसाद एकत्रच घरी येतो. पूजेच्या हळदीच्या पुडीवर 'खाण्यासाठी नाही' असे बारीक अक्षरांत लिहिलेले असते. ती पुडी उरली म्हणून भाजीत टाकू नये.

हिरव्या वाटाण्याचे दाणे पांढऱ्या पेल्यातल्या पाण्यात अर्धा तास ठेवावेत, पाणी हिरवे झाले तर ते घेऊ नयेत. चहाची भुकटी ओल्या टिपकागदावर पसरून काही मिनिटांनी काढावी, आणि कागद नळाखाली धरावा: खोल तपकिरी-लाल डाग राहिले तर रंग लावलेला आहे. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने 'डार्ट' या नावाने अशा चाचण्यांची पुस्तिकाच उपलब्ध केली आहे.

मिठाईसाठी एक चाचणी प्रयोगशाळेच्या पद्धतीवरून घेतलेली आहे आणि ती विणकरांच्या गावाला विशेष रुचावी. बहुतेक खाद्यरंग रंगाऱ्यांच्या भाषेत आम्ल रंग असतात, म्हणजे ते आम्लाच्या पाण्यात लोकरीला धरतात, सुताला नाही. त्यामुळे इथे चादरीचे सूत उपयोगाचे नाही. साबणाने धुतलेली, कधीही न रंगवलेली पांढरी लोकर बोटभर घ्यावी. जिलेबीचा पाक किंवा रंगीत गोळी थोड्या पाण्यात विरघळवून त्यात दोन चमचे व्हिनेगर घालावे, लोकर टाकून दहा-पंधरा मिनिटे मंद उकळावे, आणि मग ती गरम पाण्यात खळखळून धुवावी. धुतल्यावरही लोकर ठळक रंगीत राहिली तर कृत्रिम रंग असण्याचा संभव मोठा आहे. हळदही लोकरीला पिवळे करते, म्हणून पिवळ्या लोकरीवर खायच्या सोड्याचे पाणी टाकून पाहावे. हळद असल्यास ती लालसर होते. तूपकट बर्फीवर ही चाचणी नीट होत नाही. आणि तिच्यावरून रंग कृत्रिम आहे एवढेच कळते, तो आठांपैकी आहे की नाही हे कळत नाही, त्यासाठी प्रयोगशाळेत तोच रंग लोकरीतून काढून कागदी वर्णलेखनाने (पेपर क्रोमॅटोग्राफीने) ओळखतात.

तिसरा प्रश्न प्रमाणाचा. ज्या पदार्थांत रंगाला मुभा आहे, त्यांतल्या बहुतेकांत मर्यादा 100 पीपीएम, म्हणजे एका किलोत 100 मिलिग्रॅम इतकी आहे. दहा किलो बुंदीला एक ग्रॅम शुद्ध रंग. हे माप चिमटीने किंवा डबीच्या झाकणाने टाकणाऱ्या आचाऱ्याच्या हातून सहज ओलांडले जाते, त्यात लबाडीच असते असे नाही. सर्व रंग सारखेही नसतात. आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ समितीने टार्ट्राझिनसाठी रोजच्या सेवनाची मर्यादा शरीराच्या दर किलो वजनामागे 10 मिलिग्रॅम धरली आहे, तर एरिथ्रोसिनसाठी केवळ 0.1. पंधरा किलो वजनाच्या मुलासाठी हिशोब केला, तर 100 पीपीएम टार्ट्राझिन असलेली दीड किलो मिठाई खाल्ल्यावर ती मर्यादा गाठली जाते, पण तितकेच एरिथ्रोसिन असलेल्या पदार्थाचे 15 ग्रॅमच पुरे होतात. अमेरिकेने जानेवारी 2025 मध्ये हाच एरिथ्रोसिन अन्नातून काढण्याचा आदेश दिला आणि उत्पादकांना जानेवारी 2027 पर्यंत मुदत दिली. भारतात तो अजून यादीत आहे. युरोपात 2010 पासून टार्ट्राझिन, सनसेट यलो, कार्मोसिन आणि पॉन्सो 4आर धरून सहा रंगांच्या पदार्थांवर, मुलांच्या वागण्यावर व एकाग्रतेवर प्रतिकूल परिणाम होऊ शकतो, असा इशारा छापावा लागतो. यावरून घाबरून सणाची जिलेबी सोडावी, असे मी म्हणणार नाही, मात्र लहान मुलाच्या रोजच्या डब्यात गडद रंगाच्या गोळ्या नसाव्यात हे निश्चित.

यादीबाहेरच्या रंगांना मात्र प्रमाणच नसते. ऱ्होडामाइन बी हा झगझगीत गुलाबी रंग कापड आणि कागदासाठीचा आहे. फेब्रुवारी 2024 मध्ये तमिळनाडूने त्यापायी कापसासारख्या मिठाईवर, म्हणजे बुढ्ढी के बालवर, बंदी घातली. मार्चमध्ये शेजारच्या कर्नाटकानेही रंगीत कापूस-मिठाई आणि गोबी मंच्युरियनमधल्या कृत्रिम रंगांवर बंदी आणली, आणि जूनमध्ये कबाबही त्यात घेतले. विजयपूर आणि कलबुर्गी इथून काही तासांच्या अंतरावर असल्याने त्या बाजूचा माल आणि ते खाद्यप्रकार आपल्याकडेही येतात. यात्रेत पांढरी कापूस-मिठाई मिळत असेल तर तीच घ्यावी, चव अगदी तीच असते.

संशय पक्का झाला तर भांडण करण्यापेक्षा कागद तयार करावा. दुकानात परवाना किंवा नोंदणीचा चौदा अंकी क्रमांक दर्शनी लावलेला असावा लागतो, आणि 1 जानेवारी 2022 पासून तो बिलावरही छापणे बंधनकारक आहे. क्रमांकाचा पहिला अंक 1 असल्यास परवाना, 2 असल्यास छोट्या व्यावसायिकाची नोंदणी. सुट्या मिठाईच्या ताटासमोर 'या तारखेपर्यंत उत्तम' अशी पाटी 1 ऑक्टोबर 2020 पासून हवी. बिल घ्यावे, पदार्थाचे आणि पाटीचे छायाचित्र घ्यावे, आणि अन्न व औषध प्रशासनाच्या सोलापुरातील अन्न विभागाकडे लेखी तक्रार द्यावी. महाराष्ट्राच्या प्रशासनाचा निःशुल्क क्रमांक 1800 222 365 आहे.

तक्रारीनंतर अन्न सुरक्षा अधिकारी स्वतः नमुना घेतो, कारण ग्राहकाने पिशवीत नेलेला उरलासुरला पदार्थ पुरावा म्हणून टिकत नाही. नमुन्याचे चार भाग होतात: एक अन्न विश्लेषकाकडे, म्हणजे प्रयोगशाळेत नमुना तपासणाऱ्या अधिकाऱ्याकडे, दोन पदनिर्देशित अधिकाऱ्याच्या, म्हणजे अन्न सुरक्षा अधिकाऱ्याच्या वरिष्ठाच्या, ताब्यात, आणि चौथा व्यावसायिकाने मागणी केल्यास मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडे. विश्लेषकाने 14 दिवसांत अहवाल द्यायचा असतो. नमुना दर्जाहीन ठरल्यास दंड 5 लाखांपर्यंत, लेबल खोटे वा अपुरे असल्यास 3 लाखांपर्यंत, आणि अन्न असुरक्षित ठरल्यास कैदही होऊ शकते.

अधिकाऱ्याची वाट न पाहता स्वतः तपासणी करून घ्यायची असेल, तर कायद्याच्या कलम 40 मध्ये ती सोय आहे. शुल्क भरून ग्राहकाला अन्न विश्लेषकाकडून पदार्थ तपासून घेता येतो, आणि नमुना नियमबाह्य ठरला तर ते शुल्क परत मिळते. त्याची अट एकच आहे आणि बहुतेक जण तिथेच चुकतात: खरेदी करतानाच, गल्ल्यावर पैसे देण्याच्या वेळी, 'हा माल मी तपासणीसाठी घेत आहे' असे दुकानदाराला सांगावे लागते.