रेडिओसाठी तासाभराचा थेट डीजे मिक्स कसा बांधावा

महाराष्ट्रात 'डीजे' म्हटले की मिरवणुकीतली ध्वनिवर्धकांची भिंत डोळ्यांसमोर उभी राहते. या लेखातला डीजे मात्र माणूस आहे. दोन गाणी एका लयीत आणून, पहिले संपण्याआधीच दुसरे त्यात मिसळणारा आणि हे सारे काम न दिसणाऱ्या श्रोत्यांसाठी एका छोट्या स्टुडिओत बसून करणारा. क्लबमध्ये वर्षानुवर्षे वाजवलेला डीजेसुद्धा रेडिओवर पहिल्यांदा बसतो तेव्हा गडबडतो, कारण त्याच्या हाताला जी सवय असते ती समोर नाचणाऱ्या माणसांची असते.

तयारीला लागण्यापूर्वी आपण कोणत्या रेडिओसाठी वाजवणार आहोत, हे ठरवावे लागते. शिकागोच्या डब्ल्यूबीएमएक्स केंद्रावर 1981 साली 'हॉट मिक्स फाइव्ह' या पाच डीजेंच्या चमूने मिक्स वाजवायला सुरुवात केली आणि हाउस हे एकसारख्या ठोक्यांवर चालणारे इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीत क्लबबाहेरच्या शहरापर्यंत पोहोचवण्यात त्यांचा मोठा वाटा राहिला. बीबीसी रेडिओ 1 वर 'इसेन्शियल मिक्स' हा दोन तासांचा कार्यक्रम 1993 साली सुरू झाला आणि तो आजही चालू आहे. पण व्यावसायिक एफएमवरची आजची स्थिती तेव्हासारखी नाही. गाण्यांची यादी बहुतेक ठिकाणी मध्यवर्ती कार्यालयात ठरते. अमेरिकेत तर 2007 पासून श्रोत्याने अंगावर बाळगायच्या मापकयंत्राने श्रोतृसंख्या मोजली जाऊ लागली आणि श्रोता नेमका कोणत्या मिनिटाला निघून गेला हे संचालकांना दिसू लागले, त्यामुळे अनोळखी गाणे वाजवण्याची हिंमत आणखी आटली. मिक्स शुक्रवार-शनिवारच्या रात्रींकडे सरकला आणि तोही अनेकदा आधी ध्वनिमुद्रित करून फाइल म्हणून पाठवलेला असतो. खरोखर थेट वाजवायचे असेल तर आज जागा मिळते ती प्रामुख्याने इंटरनेट केंद्रांवर. 1994 साली विनापरवाना सुरू होऊन 2010 मध्ये परवाना मिळवलेले लंडनचे रिन्स एफएम किंवा त्याच शहरात 2011 मध्ये निघालेले एनटीएस ही त्या वळणाची केंद्रे आहेत आणि दिल्लीचे बॉक्सआउट एफएम हे आपल्याकडचे उदाहरण आहे. पुढचे विवेचन अशा केंद्रावरचा एक तास डोळ्यांसमोर ठेवून केले आहे.

क्लबमधला मिक्स चढत जातो. तिथे माणसे दोन-तीन तास थांबलेली असतात, त्यामुळे पहिला अर्धा तास संथ वाजवून पुढे त्याचे फळ घेता येते. रेडिओचा श्रोता मात्र तेविसाव्या मिनिटाला गाडी सुरू करतो आणि एकेचाळिसाव्या मिनिटाला घरी पोहोचतो. त्याने चढण पाहिलेलीच नसते. म्हणून तासाचे चार भाग करावेत आणि प्रत्येक पाव तास स्वतःच्या पायावर उभा राहील असा रचावा. प्रत्येक भागाच्या आरंभी ओळखू येणारा आवाज किंवा ठसठशीत चाल असलेले गाणे ठेवावे आणि अनोळखी, धाडसी गाणी त्याच्या पाठोपाठ, भागाच्या मध्यावर आणावीत. ओळखीच्या गाण्याच्या शेपटाला जोडलेले अनोळखी गाणे श्रोता सहज ऐकून घेतो, हा या प्रकारातला सर्वांत उपयोगी गुण आहे. सुटी गाणी एकामागून एक लावणाऱ्या निवेदकाला ही सोय नसते.

आता हिशेब. निवेदन, केंद्राची ओळख आणि जाहिराती वजा जाता साठातली पन्नासेक मिनिटे हाती उरतात. सरासरी साडेतीन मिनिटे धरली तर चौदा-पंधरा गाणी वाजतील आणि पेटीत वीस-बावीस तयार ठेवावीत. मिनिटाला 124 ठोक्यांच्या हाउस गाण्यात 32 ठोक्यांचा एक टप्पा साधारण साडेपंधरा सेकंदांचा होतो. क्लबमध्ये दोन गाणी दोन-दोन मिनिटे एकमेकांवर खेळवली तरी ती शोभतात, कारण तिथला मोठा आवाज अंगाला जाणवतो. स्वयंपाकघरातल्या छोट्या स्पीकरवर तेच मिश्रण नुसता गोंगाट वाटते, म्हणून दोन किंवा फार तर चार टप्प्यांत एक गाणे सोडून दुसऱ्यावर यावे.

जुनी हिंदी किंवा मराठी चित्रपटगीते मिसळणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. ती गाणी हाडामांसाच्या वादकांनी एकत्र बसून वाजवलेली आहेत, त्यामुळे त्यांची लय जराशी पुढे-मागे होते आणि संगणकाचे लय जुळवणारे बटण तिथे फसते. अशा वेळी गाण्याचा मोजका, स्थिर भाग फेऱ्यात फिरवून त्यावर पुढचे गाणे चढवावे किंवा हात सतत वेगाच्या पट्टीवर ठेवावा. टेक्निक्सच्या नावाजलेल्या तबकडीयंत्रावर ही पट्टी गाण्याचा वेग आठ टक्के वर-खाली करते, पण ओळखीचा गाता आवाज माझ्या मते चार टक्क्यांपलीकडे ताणू नये. लय जुळते खरी, पण श्रोत्याला काहीतरी खटकत राहते.

आवाजाच्या पातळीबद्दल क्लबची सवय दाराबाहेर सोडून यावे. केंद्राकडे ध्वनी दाबून-उचलून समतल करणारे प्रक्रियायंत्र असते आणि ते हळू आवाज वर आणते, मोठा आवाज खाली दाबते. मिक्सरचा काटा लाल पट्ट्यात नेल्याने मिक्स अधिक मोठा ऐकू येत नाही, फक्त फाटतो. तयारीच्या वेळी सगळी गाणी एकदा एकाच स्पीकरवरून, डावा-उजवा भेद न ठेवता ऐकावीत. ज्या गाण्याचा खर्ज तिथे नाहीसा होतो ते गाणे फोनवर ऐकणाऱ्याच्या वाट्याला अर्धेच येणार आहे.

शांततेचीही काळजी घ्यावी लागते. एका छोट्या केंद्रावर मी एकदा गाण्यातला वीसेक सेकंदांचा जवळजवळ निःशब्द भाग मोठ्या कौतुकाने तसाच राहू दिला. केंद्राच्या शांतताशोधक यंत्रणेला तो बिघाड वाटला, तिने राखीव यादीतले गाणे सुरू केले आणि मी पुढची कित्येक मिनिटे स्वतःपुरताच वाजवत राहिलो. किती सेकंदांनी ही यंत्रणा जागी होते, हे आता मी आधी विचारून घेतो.

बोलावे, पण गाण्याच्या शब्दांवर बोलू नये. बिनशब्दांच्या आरंभीच्या ठोक्यांवर केंद्राचे नाव, स्वतःचे नाव आणि आत्ताच वाजलेल्या गाण्याचे नाव एवढे सांगितले की काम होते. इंटरनेटवर आवाज श्रोत्यापर्यंत काही सेकंदांपासून अर्ध्या-पाऊण मिनिटापर्यंत उशिरा पोहोचतो, त्यामुळे संदेशात 'हे कोणते गाणे?' असे आले तर तो प्रश्न बहुधा आधीच्या गाण्याबद्दल असतो. मुद्रित कार्यक्रमात 'आत्ता रात्रीचे अकरा वाजले आहेत' असे म्हणून तो थेट असल्याचा आव आणणे मला पटत नाही.

घरून वाजवायचे असेल तर मिक्स ही मोफत संगणकप्रणाली पुरेशी आहे. तिच्या इंग्रजी नावात शेवटी तीन एक्स आहेत आणि तीतून आइसकास्ट या, आवाज इंटरनेटवरून श्रोत्यांपर्यंत पोहोचवणाऱ्या, सर्व्हरकडे थेट प्रक्षेपण करता येते. वायफायवर विसंबू नये, तार जोडावी.

हक्कांचा प्रश्न कंटाळवाणा असला तरी टाळता येत नाही. भारतात कॉपीराइट कायद्याच्या कलम 31 ड मधला प्रसारणाचा वैधानिक परवाना (प्रत्येक हक्कधारकाशी वेगळा करार न करता, ठरलेली रक्कम भरून गाणी वाजवण्याची कायद्याने दिलेली मुभा) इंटरनेट प्रवाहाला लागू होत नाही, असा निकाल मुंबई उच्च न्यायालयाने 2019 मध्ये एका प्रकरणात दिला आहे, म्हणून केंद्राने कोणाकोणाशी करार केले आहेत हे आधी विचारावे आणि त्या चौकटीतलीच गाणी निवडावीत. अमेरिकेतल्या इंटरनेट केंद्रावर वैधानिक परवान्याखाली वाजवताना कोणत्याही तीन तासांत एका कलाकाराची चारपेक्षा जास्त गाणी चालत नाहीत आणि त्यातलीही तीनपेक्षा जास्त सलग नाहीत. आवडत्या गायिकेला वाहिलेला अखंड तास त्यामुळे तिथे बसत नाही. गाण्यांची यादी आधी जाहीर करण्यावरही तिथे बंधन आहे.

कार्यक्रम संपल्यावर प्रत्येक गाण्याचे नाव, कलाकार, ध्वनिमुद्रण कंपनी आणि सुरू झाल्याची वेळ त्याच रात्री लिहून केंद्राकडे द्यावी. दुसऱ्या दिवशी ध्वनिमुद्रण ऐकत बसून ही यादी करायला मूळ कार्यक्रमाहून जास्त वेळ लागतो.