डेडलिफ्टला बार किती उंचीवर हवा?
पेठेतल्या छोट्या जिममध्ये डेडलिफ्ट, म्हणजे जमिनीवरचा प्लेटा लावलेला लोखंडी बार उचलण्याचा व्यायाम, करताना पाठीला पोक येतोय? आधी बारची उंची बघा. स्पर्धेतल्या मोठ्या प्लेटचा व्यास ४५ सेंटिमीटर, म्हणजे बार जमिनीपासून २२.५ सेंटिमीटरवर. १० किलोची लोखंडी प्लेट बरीच लहान. बार खाली जातो, वाकणं वाढतं. दोन्हीकडच्या प्लेटांखाली सारख्या जाडीच्या रबरी मॅट रचा, बार नडगीच्या मध्यावर येईपर्यंत. वरून पाहिलं तर तो बुटाच्या नाडीच्या गाठीवर दिसला पाहिजे. पोटात श्वास भरा, हात ताठ ठेवून बार हलकेच वर ओढा. बार प्लेटांना टेकून ‘टक्’ असा आवाज आला की मगच पायांनी जमीन रेटा. थेट हिसका दिलात तर कंबर वाकलीच. आणि ते गुबगुबीत रनिंग शूज काढून ठेवा. त्यापेक्षा अनवाणी बरं.